थांबायला मनाई असलेला रस्ता

कुद्रेमुखच्या रस्त्याचा एक नियम मोटरसायकलवाल्याला सुरुवातीला खटकतो. कर्नाटकातल्या या राष्ट्रीय उद्यानात शिरताना नाक्यावर गाडीचा नंबर आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी हातात पडते. ती पलीकडच्या नाक्यावर दाखवायची, ठरलेल्या वेळेच्या आत. मधे थांबायचं नाही. फोटोसाठी नाही, थर्मासमधल्या चहासाठी नाही, ढग खाली उतरलेत म्हणून नुसतं बघत राहण्यासाठीही नाही. दर वळणावर गाडी साइड स्टँडला लावायची, हेल्मेट आरशाला अडकवायचं आणि मोबाइल काढायचा अशी सवय झालेल्या माणसाला हे म्हणजे पंगतीत बसवून जेवू नका म्हणण्यासारखं.

माळा नाक्यावरच्या गार्डनं मागच्या सीटकडे पाहिलं. तिथं माणसाऐवजी बंजी दोरीनं आवळलेली बॅग होती. ‘ओब्बरेना?’ त्यानं विचारलं. एकटाच, म्हणून मी मान हलवली. एमएच ०९ बघून तो हिंदीवर आला. ‘रुकना नहीं. बंदर को कुछ देना नहीं. प्लास्टिक है क्या?’ पाण्याची बाटली दाखवली, चिठ्ठी जॅकेटच्या वरच्या खिशात घातली आणि पहिला गियर टाकला.

उद्यान सुमारे ६०० चौरस किलोमीटरचं. चिक्कमगळूर, उडुपी आणि दक्षिण कन्नड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची अधिसूचना निघाली १९८७ साली. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घातली, त्यात आपली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी होती, तसं कुद्रेमुखही होतं. म्हणजे कोल्हापूरहून राधानगरीला रविवारी चक्कर मारणारा माणूस इथं आला, तरी तो त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर असतो. फक्त अंग इथं जास्त भरलेलं आहे. पावसाचं मान वर्षाला सहा ते सात हजार मिलिमीटर. शेजारच्या आगुंब्याची ख्याती याहून मोठी असली, तरी कुद्रेमुखही काही मागे नाही.

इथं यायची सोपी वाट किनाऱ्यावरून आहे. उडुपी, मग कारकळ. कारकळात उघड्या खडकावर ४२ फुटांचा बाहुबली उभा आहे, १४३२ साली वीर पांड्य भैररसानं उभारलेला. पेट्रोल इथंच भरून घ्यावं, हवा तपासून घ्यावी, कारण पुढं डोंगर लागला की फोनला रेंज मिळण्याचीही खात्री नाही. पलीकडे बजगोळी, आणि मग डोंगराच्या पायथ्याशी माळा.

माळ्यात सुपारीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एका अंगणात सोललेली सुपारी वाळत घातली होती आणि ओटीवर एक आजोबा आडकित्ता घेऊन बसले होते. रस्ता विचारायला गाडी थांबवली ती कन्नडचे माझे चार शब्द गोळा करून. त्यांनी ते ऐकून घेतले आणि सरळ मराठीत म्हणाले, ‘नाका पुढं आहे, दोन-तीन वळणांवर. कोल्हापूरहून आलात ना? पाटी वाचली मी.’ माळा, दुर्ग, मुंडाजे या गावांत चित्पावन कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून आहेत. रत्नागिरीकडून समुद्रकाठानं खाली सरकत आलेली ही माणसं सुपारी-नारळाच्या बागायतीत रमली. मूळ कोकणात जवळपास ऐकू येईनाशी झालेली चित्पावनी बोली इथं अजून घरात बोलली जाते. आजोबा माझ्याशी शाळेतलं मराठी बोलत होते आणि आत स्वयंपाकघराकडे हाक मारताना मात्र त्या दुसऱ्या बोलीत, जी मला अर्धीच कळत होती. ताक आलं. मिरची-आलं ठेचून घातलेलं, फोडणीचं.

‘वर काय बघणार?’ त्यांनी विचारलं. मग माझं उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाले, ‘आमच्या वेळी वर जायचं म्हणजे नोकरीला जायचं. कंपनीच्या गाड्या जायच्या इथून. आता लोक हिरवळ बघायला जातात.’

कंपनी म्हणजे कोणती, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

घाट सुरू होतो तो अचानक. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग १६९ आहे, मंगळूरहून शिमोग्याला जाणारा. नावावरून चौपदरी रस्ता डोळ्यांसमोर येत असेल तर ते विसरावं. जंगलातून वर चढणारा हा जेमतेम दोन गाड्यांचा डांबरी पट्टा आहे, आणि दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना भेटलेली. ऑक्टोबर संपत आला तरी संरक्षक कठड्यांचे दगड शेवाळानं हिरवेगार होते. ऊन रस्त्यावर पडतं ते नाण्यांएवढं. या उन्हसावलीत खड्डा कुठला आणि सावली कुठली हे ओळखणं हाच इथल्या गाडी चालवण्यातला खरा भाग. डांबराच्या कडेला ओल्या पानांचा थर असतो. मोटारीला तो जाणवतही नाही. दोन चाकांवरच्या माणसानं मात्र वळणात तिथं पुढचा ब्रेक दाबला की विषय संपला. म्हणून दुसरा गियर, ब्रेकपेक्षा इंजिनाच्या ओढीवर भरवसा, आणि हॉर्न प्रत्येक आंधळ्या वळणाआधी एकदाच. वरून येणाऱ्या खासगी बसवाल्यांना हा घाट पाठ आहे. ते त्याच आत्मविश्वासानं वळणाचा आतला भाग आपला मानतात.

थांबायचं नाही या नियमाचा एक फायदा इथं लक्षात येतो. थांबणाऱ्या माणसाचं लक्ष पुढच्या ‘पॉइंट’वर असतं. न थांबणाऱ्याला रस्त्यावरच लक्ष ठेवावं लागतं, आणि मग रस्ता बऱ्याच गोष्टी दाखवतो. एका वळणावर हवा एकदम गार होते, कारण डावीकडच्या दरडीतून झरा ठिबकतोय. दुसरीकडे कुजलेल्या फणसासारखा गोडसर वास येतो आणि पन्नास मीटरमध्ये जातो. हेल्मेटच्या आत, इंजिनाच्या आवाजावर चढून, रातकिड्यांची किर्र ऐकू येत राहते. पुण्या-मुंबईचे स्वार कानात गाणी लावून घाट चढतात. इथं तरी ते करू नये असं माझं मत आहे.

घाट संपतो तिथं एक तिठा आहे. त्याला सगळे ‘एस. के. बॉर्डर’ म्हणतात. एस. के. म्हणजे साउथ कॅनरा, ब्रिटिश अमदानीतला जिल्हा. जिल्ह्याचं नाव केव्हाच बदललं, तिठ्याचं राहिलं. डावीकडचा रस्ता केरेकट्टेवरून शृंगेरीला जातो, शंकराचार्यांच्या पीठाकडे. उजवीकडचा कुद्रेमुखला. बहुतेक गाड्या डावीकडे वळतात. उजवीकडे वळल्यावर पाच-सात मिनिटांतच माझ्या पुढं-मागं कुणी उरलं नाही.

आणि मग झाडं संपतात.

सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना हे दृश्य आधी चुकीचं वाटतं. आपल्याकडे डोंगरमाथा म्हणजे कातळ, सडा, करवीची झुडपं. इथं माथे आणि उतार गवतानं एकसारखे झाकलेले, आणि दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत तेवढं गच्च, काळपट हिरवं रान. याला शोला म्हणतात. माथ्यावर माती पातळ आणि वारा दांडगा, तिथं गवत टिकतं. घळीत माती साचते, ओल राहते, तिथं झाडं आसरा घेतात. दोघांमधली सीमा कुणी कात्रीनं कापावी इतकी स्पष्ट. गवत पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू घळीत सोडतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्येही इथले ओढे वाहते असतात. वनखात्याच्या जुन्या काळातल्या साहेबांना ही गवताळ जमीन ‘पडीक’ दिसायची, आणि पश्चिम घाटात अशा बऱ्याच माथ्यांवर निलगिरी, अकेशिया लावण्याचे उद्योग झाले. झाडं लावणं म्हणजे नेहमीच पुण्य नसतं, हे शोलाच्या प्रदेशात फार उशिरा लक्षात आलं.

कुद्रेमुख, म्हणजे ‘घोड्याचं तोंड’, ज्या शिखराला म्हणतात ते, सुमारे १,८९० मीटर उंचीचं, या रस्त्यावरून धड दिसत नाही. पलीकडे संसे गावाकडून त्यावर चढायची वाट असल्यामुळे पूर्वी त्याला संसेपर्वतही म्हणत. चढाईला आता वनखात्याची परवानगी लागते, आणि रोज किती माणसं सोडायची यालाही मर्यादा आहे. शनिवार-रविवारी बंगळूरहून येणाऱ्या गर्दीनं ती वेळ आणली.

वाटेत हनुमानगुंडीचा धबधबा लागतो. स्थानिक नाव सूतनब्बे. इथं तिकीट काढून रीतसर थांबता येतं, बऱ्याच पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं. मोटरसायकलचे जाड बूट घालून त्या पायऱ्या परत चढताना प्रत्येक पायरी मोजून होते. पुढं काही अंतरावर गंगामूळ. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिघी इथल्याच डोंगरात उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेला वळून मंगळूरला समुद्रात जाते. तुंगा आणि भद्रा पूर्वेला वेगवेगळ्या वाटांनी निघून शिमोगा जिल्ह्यात कूडलीला एक होतात, आणि तुंगभद्रा पुढं आंध्रात संगमेश्वरला कृष्णेत मिसळते. म्हणजे महाबळेश्वरचं पाणी आणि इथलं पाणी अखेर एकाच पात्रात जातं. उगमाकडे आत जायला परवानगी नाही. रस्त्यावरून दिसतो तो फक्त एक झाडांनी भरलेला खोलगट भाग.

या पाण्याची गोष्ट आणि कंपनीची गोष्ट एकच आहे.

म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातले संपत अय्यंगार यांना १९१३ साली इथल्या अरोळीच्या डोंगरात लोहखनिज सापडलं. मॅग्नेटाइट, पण कमी प्रतीचं, आणि अशा ठिकाणी की जिथं पावसाळ्यात माणूस उभा राहू शकत नाही. त्यामुळे ते बरीच दशकं तसंच राहिलं. मग तेलाच्या पैशानं गब्बर झालेल्या इराणच्या शहाला पोलादाचे कारखाने काढायचे होते. १९७५ मध्ये करार झाला: इराणनं ६३ कोटी डॉलरचं कर्ज द्यायचं आणि भारतानं वर्षाला ७५ लाख टन खनिज द्यायचं, तेही २१ वर्षं. एप्रिल १९७६ मध्ये कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी लिमिटेड ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. डोंगर फोडायचा, खनिज दळायचं, चुंबकानं लोखंड वेगळं करायचं, आणि ते पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळानं घाटाखाली मंगळूर बंदरात सोडायचं, अशी सगळी व्यवस्था. राहिलेला चोथा, म्हणजे अक्षरशः लाल-काळ्या गाळाचा डोंगर, लक्या नावाच्या ओढ्यावर शंभर मीटर उंचीचं धरण बांधून त्याच्यामागे साठवायचा.

काम वेळेत झालं. सरकारी कामांत हे विरळाच. पण १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, शहा देश सोडून गेला, आणि खोमेनींच्या सरकारला या खनिजात रस नव्हता. कबूल केलेली सगळी रक्कमही आली नाही. १९८० साली खाण तयार झाली तेव्हा तिला गिऱ्हाईकच नव्हतं. कंपनीनं मग जगभर गिऱ्हाईकं शोधली, मंगळूरला पेलेटचा, म्हणजे खनिजाच्या गोळ्या बनवण्याचा कारखाना काढला. तो सुरू झाला १९८७ साली. त्याच वर्षी वर डोंगरात राष्ट्रीय उद्यानाची अधिसूचना निघाली. सरकारी कागदांनीच एकाच डोंगराचे दोन अर्थ एकाच वर्षी काढले होते.

उद्यान झालं त्यामागे एक माकड आहे. रस्त्याच्या कडेला हात पसरून बसणारी लाल तोंडाची माकडं ती नव्हेत. त्यांना घालायचं नाही म्हणून गार्ड बजावतो, आणि तरी मोटारीच्या काचा खाली करून लोक घालतातच. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो सिंगळीक, म्हणजे सिंहपुच्छ वानर. काळंभोर अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला झुबका. हा प्राणी जगात फक्त पश्चिम घाटात आहे, आणि तोही शरावती-अघनाशिनीच्या खोऱ्यांच्या उत्तरेला नाही. त्यामुळे महाराष्ट्रात तो नाहीच. सदाहरित रानाच्या वरच्या मजल्यावर राहणारा, जमिनीवर फार न उतरणारा. झाडांचा माथा जिथं तुटला तिथं त्याचं जग तुटतं. १९८३-८४ मध्ये उल्हास कारंथ यांनी कर्नाटकभर त्याची पाहणी केली, तेव्हा कुद्रेमुखचं रान हा त्याच्या सलग अधिवासाचा मोठा तुकडा असल्याचं दिसलं. त्यांच्या शिफारशींवरून उद्यान आकाराला आलं. वाघ-हत्तींच्या नावानं उद्यानं निघतात. एका लाजाळू माकडाच्या नावानं निघालेलं हे बहुधा विरळच.

मला तो दिसला का, असं परतल्यावर सगळे विचारतात. नाही. न थांबता, हेल्मेटमधून, तासाला तीस किलोमीटरच्या वेगानं तो दिसणंही शक्य नाही. एकदा उजवीकडच्या रानात वरच्या फांद्या हलल्या, वारा नसताना. शेकरू असेल. त्याच्याबद्दल निदान आपल्या राज्याचा प्राणी म्हणून हक्कानं अंदाज बांधता येतो.

खाणीचा करार १९९९ मध्ये संपला. कंपनीला मुदतवाढ हवी होती, शिवाय शेजारच्या डोंगरांतलं खनिजही हवं होतं. तोवर भद्रेचं पाणी पावसाळ्यात लाल होणं ही खालच्या शेतकऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारीची बाब झाली होती. भद्रेच्या पाणलोटातला अगदी छोटा तुकडा असलेली ही खाण नदीत येणाऱ्या गाळाचा फार मोठा वाटा एकटी उचलते, असं शास्त्रज्ञांनी दाखवलं. आणि तो गाळ साठत होता लक्कवळ्ळीच्या भद्रा धरणाकडे. के. एम. चिन्नप्पा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. नागरहोळेत रेंजर म्हणून कारकीर्द घालवलेला हा माणूस तेव्हा ‘वाइल्डलाइफ फर्स्ट’ या संस्थेचं काम बघत होता. ३० ऑक्टोबर २००२ रोजी निकाल आला: २००५ अखेर खाण बंद करा.

ती बंद झाली. भारतात खाणीविरुद्ध निकाल लागणं वेगळं आणि खाण खरोखर थांबणं वेगळं. नफ्यात चालणारी, सरकारच्याच मालकीची खाण डोंगर शिल्लक असताना थांबली, याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. या रस्त्याचे व्हिडिओ टाकणारे ‘अनटच्ड’, ‘व्हर्जिन’ अशी विशेषणं लावतात. मला ती चीड आणतात. हा प्रदेश अस्पर्श नाही. त्याला पुरेपूर हात लागला, आणि मग तो हात बाजूला करायला माणसांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

हे टाउनशिपमध्ये शिरल्यावर डोळ्यांनी दिसतं. मल्लेश्वर म्हणून ओळखली जाणारी ही वसाहत कंपनीनं वसवली. रुंद रस्ते, दुतर्फा लावलेली झाडं, एकसारखी क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, खेळाचं मैदान. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांच्या वसाहती देशभर एकाच नकाशावरून काढल्यासारख्या असतात. ज्यांचं बालपण भिलाई, बोकारो किंवा ओझरच्या कॉलनीत गेलं त्यांना इथं रस्ता विचारावा लागणार नाही. फरक इतकाच, की इथं क्वार्टर्सच्या कौलांवर नेचे उगवलेत. खिडक्यांच्या चौकटी आहेत, खिडक्या नाहीत. एका ब्लॉकच्या जिन्यात पायऱ्यांवर शेवाळ इतकं जाड की पाय ठेवला तर गादीसारखा दबला. भिंतीवर दूधवाल्याचा हिशेब पेन्सिलीनं लिहिलेला होता, रेघोट्या पाडून, शेवटच्या ओळीपुढं बाकी दाखवलेली. ती फिटली की नाही कोण जाणे.

काही इमारती अजून वापरात आहेत, तुरळक माणसंही आहेत. चहाच्या टपरीवर दोघं बसले होते. त्यातल्या एकाचे वडील डंपर चालवायचे. त्याला खाण बंद झाल्याचा आनंद नव्हता, आणि त्यानं तो दाखवलाही नाही. ‘इथं सिनेमा लागायचा,’ तो म्हणाला. ‘गणपतीला ऑर्केस्ट्रा. आता संध्याकाळी सहानंतर गवे येतात.’ गवे येतात हे सांगताना मात्र त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. लक्या धरणाकडे जाता येईल का म्हणून विचारलं तर त्यानं मान हलवली, परवानगी लागते. तिकडचा गाळ अजून तिथंच आहे. खाण बंद करता येते, तिची शेपूट गुंडाळून नेता येत नाही. त्या गाळावर गवत, झाडं वाढवण्याचे प्रयत्न झाले. पण या पावसात धरण कायम राखावं लागणार, खनिज विकलं जात असो वा नसो.

कंपनी मात्र आहे. २००९ पासून तिचं नाव नुसतं केआयओसीएल. नावातला डोंगर आद्याक्षरांत आटला. मंगळूरच्या तिच्या कारखान्याला त्यानंतर खनिज आलं ते पार छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याहून. तिथल्या डोंगरांनाही कुणी विचारलेलं नाही.

उद्यानाचा दुसरा हिशेबही सोपा नाही. जंगलाच्या आत आणि काठानं मलेकुडिया आदिवासींची घरं आहेत, शेतकऱ्यांच्या वाड्या आहेत. उद्यान झाल्यावर त्यांच्यावर निर्बंध आले, वीज-रस्ता अडला, आणि उठवलं जाण्याची भीती बसली. याच असंतोषावर दोन-अडीच दशकं इथं नक्षलवाद्यांचा वावर राहिला. त्यांचा नेता साकेत राजन २००५ मध्ये याच भागात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्यांपैकी सहा जणांनी बंगळूरला शस्त्रं खाली ठेवली. बरीच कुटुंबं भरपाई घेऊन स्वेच्छेनं बाहेर पडली, काही ठामपणे राहिली. व्याघ्र प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा गावांनी जोरात विरोध केला. वाघाला विरोध नव्हता, कागदाला होता. कंपनीला डोंगर देणारं सरकार आम्हाला चुलीपुरतं लाकूड देत नाही, ही तक्रार इथं ऐकायला मिळते, आणि तिला चटकन उत्तर सापडत नाही.

टाउनशिपनंतर कळसाकडे जाणारा रस्ता उतरणीचा आणि मोकळा. डावी-उजवीकडे भद्रा साथ देते, अजून ओढ्याएवढीच. पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ होतं. ऑक्टोबर होता, त्यामुळे यावरून फार काही ठरवू नये. नाक्यावर चिठ्ठी दाखवली. गार्डनं वेळ ताडून पाहिली, सही केली, आणि मागून आलेल्या एका जीपवाल्याला फैलावर घेतलं. जीपमधल्या मंडळींनी वाटेत उतरून गवतात फोटो काढले होते आणि ते मोबाइलवर चढवलेही होते. दंड झाला. मला त्यांची कीव आली नाही. ओल्या संध्याकाळी या रस्त्यावर चाकांखाली बेडूक, साप, खेकडे किती चिरडतात ते कुणीही सकाळी पाहावं. त्यात माझी दोन चाकंही धरलेली आहेत. थांबू नका हा नियम माणसांच्या करमणुकीवर घाला नाही. माणसांची संख्या कमी करता येत नाही म्हणून त्यांचा वेळ कमी केलाय, इतकंच.

संसेला चहाचे मळे लागतात आणि कळसाला पोहोचेपर्यंत कॉफीचा वास हवेत येतो. कळसेश्वराच्या देवळाखालच्या हॉटेलात अक्की रोट्टी आणि नारळाची चटणी मिळाली. टेबलाशेजारी होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीच्या दर्शनाला निघालेलं एक सोलापूरकर कुटुंब होतं. ‘एकटेच गाडीवर?’ काकूंनी विचारलं, आणि मग हेल्मेटकडे बघून काकांना म्हणाल्या, ‘बघा, आपला प्रसाद अजून क्लासला सोडायला सांगतो.’ काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि माझ्याकडून चारमाडी घाटाची स्थिती विचारून घेतली.

चारमाडी अजून पुढं होता. कळसाहून बाळूरमार्गे कोट्टिगेहारा गाठायचं, तिथं नीरदोसा खायचा, आणि मग घाट उतरून उजिऱ्याला, परत किनाऱ्यावर. पावसाळ्यात हा घाट दरडींनी बंद पडतो, आणि उघडला की अडकलेली वाहतूक एकदमच सुटते. कोट्टिगेहाऱ्याच्या तिठ्यावर पोहोचलो तेव्हा धर्मस्थळाच्या बसेस, मंगळूरकडे निघालेले मालाचे टेम्पो आणि बंगळूरच्या मोटारी एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. नीरदोसाच्या हॉटेलात जागा नव्हती. मी हॉर्न वाजवणाऱ्यांच्या रांगेत एका कॉफीच्या पोत्यांच्या ट्रकमागे गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.